पहिला पीस

१४ जून, रविवार. सकाळपासून गॅलरी आवरायला काढली आहे. उद्या माझ्या लेकीचं, गार्गीचं बारावीचं कॉलेज सुरू होतंय आणि तिचं टेबल ठेवायला घरात दुसरी जागा नाही. कूलरचं जुनं गवत, आकाशकंदिलाचा सांगाडा, तळ गेलेली बादली असं एकेक बाहेर काढत गेले आणि वॉशिंग मशीनच्या मागे, भिंतीकडे तोंड करून उभा असलेला ढाकणे भाऊंचा बोर्ड निघाला.

पांढरा बोर्ड, कंपनीने मोडीत काढलेला. त्यावर काळ्या चिकटपट्टीने चार रकाने आखलेत: काम, टार्गेट, झालं, कारण. पहिले तीन रिकामे आहेत. चौथ्यात पिवळ्या पेंटने एकच शब्द लिहिलाय, ‘बाप’. तो थिनरने घासला. फिका झाला, पण गेला नाही. शेवटी फडकं टाकलं आणि चहा ठेवला.

अंकुश ढाकणे आमच्या समोरच्या दारात राहायचे. मूळचे बीडकडचे. चाकणला गाड्यांचे सुटे भाग करणाऱ्या एका कंपनीत सेटर होते, म्हणजे शिफ्ट सुरू होण्याआधी मशीन जुळवून देणारे. आमच्या बिल्डिंगच्या तिसऱ्या मजल्यावर दोनच दारं, एक आमचं आणि एक त्यांचं. एक खोली आणि स्वयंपाकघर, त्यात ते, बायको सुरेखा आणि एकुलती एक अश्विनी. माणूस बुटका, रुंद, चालताना थोडा डावीकडे कलणारा. शर्टाच्या खिशात कायम एक पिवळा पेंट मार्कर. कंपनीत पास झालेल्या मालावर त्याचा ठिपका देतात. घरीही त्यांचा हात सवयीने खिशाकडे जायचा. गॅसची नळी तपासली की नळीवर ठिपका. सुरेखाने आंबे आणले की चांगल्या आंब्यावर ठिपका. गार्गी तेव्हा आठवीत होती. तिचा निबंध त्यांनी एकदा उभ्या उभ्या वाचला आणि वहीच्या कोपऱ्यात ठिपका दिला. शाळेत बाईंनी विचारलं, हा कसला डाग? गार्गी म्हणाली, डाग नाही, पास झालाय.

बोर्ड आला तो अश्विनीच्या बारावीला. तिची अकरावी लॉकडाऊनमध्ये मोबाईलवरच गेली होती. आईच्या फोनवर, तोही सुरेखा कामाला गेली की बंद. बारावीला कॉलेज पुन्हा उघडलं तेव्हा पोरीला अकरावीतलं अर्धं येत नव्हतं. भाऊंनी कुणाला दोष दिला नाही. घरात भिंत मोकळी नव्हती म्हणून दोन दारांच्या मधल्या भिंतीला भोकं पाडली आणि बोर्ड लावला. अश्विनीने रोज सकाळी काम आणि टार्गेट लिहायचं, संध्याकाळी किती झालं ते लिहायचं, आणि कमी पडलं तर चौथ्या रकान्यात कारण.

कारणाच्या रकान्याला एक नियम होता. त्यात माणसाचं नाव लिहायचं नाही. मशीन लिहा, माल लिहा, पद्धत लिहा; माणूस लिहायचा नाही. अश्विनीने एकदा लिहिलं, ‘फिजिक्सचे सर फास्ट शिकवतात.’ भाऊ कंपनीतून आले, डबा हातातच, अंगठ्याने ‘सर’ पुसलं.

“नाव लिवलं की इषय संपला. मानूस तर बदलता येत न्हाई. मग काय बदलायचं?”

“काय?”

“ते शोध आन लिव्ह.”

तिने लिहिलं, ‘आधी वाचून गेले नाही.’ त्यांनी मान डोलावली.

सुरेखा दारातून म्हणाली, “माझं बी टार्गेट लावा की. चपात्या किती, झाल्या किती.”

“तुझं नगं. तुझ्या कारणात माझंच नाव येईल.”

मी तळवड्याला एका छोट्या युनिटमध्ये डिस्पॅच बघते. असे बोर्ड मीही रोज बघते आणि घरी आल्यावर आणखी एक बघायची मला हौस नव्हती. पण जिन्यात जाता-येता डोळा जायचाच. पहिले काही महिने मला तो बोर्ड फार जाचक वाटायचा. पुढे लक्षात आलं की त्या घरात बारावीवरून आरडाओरडा होत नाही. बिल्डिंगमध्ये बारावीच्या बाकी पोरांच्या घरातून काय काय ऐकू यायचं ते मी ऐकत होते.

भाऊ घोरायचे. साधं घोरणं नाही. आमच्या भिंतीतून ऐकू यायचं. रात्रपाळी करून सकाळी घरी आले की अश्विनीची अभ्यासाची वेळ, आणि घरात दार लावून घ्यायला दुसरी खोली नाही. मग ते घरात जायचेच नाहीत. बूट काढून गच्चीकडे जाणाऱ्या जिन्याच्या पायऱ्यांवर, डब्याची पिशवी उशाला घेऊन आडवे व्हायचे. मी आदल्या दिवशीचे कपडे आणायला गच्चीवर जायचे ती त्यांच्या अंगावरून पाय टाकून. पहिल्यांदा दचकले. नंतर सवय झाली, बादली जरा वर धरायची एवढंच.

सोसायटीचे चेअरमन आण्णा म्हणजे मोशीतलं जुनं शेतकरी घर. बिल्डिंग त्यांच्याच जमिनीवर उभी, त्यामुळे जिनाही त्यांना आपलाच वाटतो. एक दिवस ते वर आले.

“ढाकने, जिना काय धर्मशाळा हाय व्हय? पाव्हनं येत्यात, मानूस आडवं दिसतंय.”

भाऊ उठून बसले. “झोपलो न्हवतो, आण्णा. स्टँडबाय होतो.”

“घोरत व्हता की!”

“मशीन स्टँडबायला बी आवाज करतंयच की.”

आण्णा हसले नाहीत, पण दुसऱ्या दिवशी त्यांच्या घरून एक जुनी सतरंजी आली.

त्या वर्षी भाऊंचे डोळे कायम लाल असायचे. ओव्हरटाइम बंद केला होता, कारण अश्विनीला क्लासला सोडायचं आणि आणायचं काम त्यांच्याकडे होतं. क्लासबाहेर गाडीवर बसून तिची वाट बघताना ते झोपायचे; हेल्मेट घालूनच, म्हणजे कुणाला कळायला नको. कळायचं सगळ्यांना. बारावीचं वर्ष एका वर्षात संपतं असं ज्याला वाटतं त्याच्या घरी बारावी झालेली नाही. बोर्डाची परीक्षा झाली की संपेल, असं सुरेखा म्हणायची. मग प्रवेश परीक्षा झाली की. मग निकाल लागला की. मग दाखले. जातीचा दाखला गावाकडचा, त्याची पडताळणी तिकडच्याच जिल्ह्याच्या ठिकाणी. भाऊ सुट्टी टाकून जायचे आणि साहेब रजेवर म्हणून परत यायचे. एकदा मी विचारलं, “काय झालं?” म्हणाले, “मटेरियल शॉर्टेज.”

आता पहिल्या पीसचं सांगायला हवं, कारण पुढचं सगळं त्याच्यावर आहे.

मशीन जुळवलं की पहिला पीस काढतात. तो मापून बघतात, पास झाला तर त्याला चिठ्ठी बांधून मशीनजवळ ठेवतात आणि दिवसभराचा माल त्याच्याशी ताडून बघतात. तो पीस कितीही चांगला निघाला तरी गिऱ्हाइकाला जात नाही. तो बघण्यासाठी असतो. भाऊंचा या गोष्टीवर देवावर असावा तसा विश्वास होता. घरातला पहिला चहा ते चाखून मोरीत ओतायचे. नवीन पेन आणलं की पहिली ओळ रद्दीवर. पहिली सराव परीक्षा अश्विनीने मोजायचीच नाही असा हुकूम.

आणि एकदा तरी हे फार कामाला आलं. प्रवेश परीक्षेचं केंद्र तळवड्याच्या पलीकडे, आडबाजूला आलं होतं. आदल्या रविवारी भाऊ म्हणाले, “चल, पहिला पीस काढून येऊ.” परीक्षेला निघावं तसेच बापलेक निघाले; अश्विनीच्या हातात पारदर्शक पाण्याची बाटली, हॉल तिकीट, सगळं. सुरेखाने नाक मुरडलं. मीही मनात म्हटलं, अति होतंय. ते परत आले ते हसतच. नकाशा ज्या रस्त्याने नेत होता तो पुलाच्या कामासाठी खणून ठेवलेला, आणि केंद्राचं पुढचं फाटक बंद. आत जायला मागून, एका गोडाऊनच्या कडेने वाट. परीक्षेच्या दिवशी त्या खणलेल्या रस्त्यावर कितीतरी मुलं अडकली. अश्विनी सगळ्यांच्या आधी आत होती. संध्याकाळी भाऊंनी बोर्डावर चारही रकान्यांवर मिळून एक मोठा ठिपका दिला. त्या दिवसापासून अश्विनीने पहिल्या पीसवर वाद घालणं सोडून दिलं.

तिला हवं होतं कॉम्प्युटर इंजिनिअरिंग. मार्क बरे पडले होते. पुण्यात, घरून जाऊन-येऊन करता येईल अशा एखाद्या कॉलेजात मिळेल, अशी चांगली आशा होती. घरून करता येणं हे सगळ्यात महत्त्वाचं. भाऊंनी वर्षभर पायरीवर झोपून जे जपलं होतं ते तेच होतं, की पोरगी डोळ्यासमोर राहून इंजिनिअर होईल. पसंतीक्रम भरायला दोघं चौकातल्या सायबर कॅफेत गेले. तिथे काय बोलणं झालं ते मला अश्विनीने नंतर सांगितलं.

ती म्हणाली होती, “पप्पा, पहिल्या नंबरला जे खरंच पाहिजे तेच टाकायचं असतं.”

“आन लागलं तर?”

“लागलं तर घ्यायचं.”

“आन सेटिंग चुकलेलं असलं तर? दाखल्यात काय खोट निघाली तर? पहिला पीस डायरेक गिऱ्हाइकाला पाठवायचा व्हय?”

प्रवेशाच्या तीन फेऱ्या असतात हे त्यांना माहीत होतं. पहिली फेरी म्हणजे पहिला पीस, असं त्यांनी धरलं. आपलं नाव यादीत येतंय का, दाखला चालतोय का, हे बघायचं. खरा माल दुसऱ्या फेरीत. म्हणून पहिल्या नंबरला त्यांनी असं काहीतरी टाकायला लावलं जे नक्की लागेल: विदर्भाच्या पार टोकाचं एक कॉलेज, टेक्स्टाइलची शाखा. खरी कॉलेजं त्याच्या खाली. अश्विनीला ती गोडाऊनच्या कडेची वाट आठवली, आणि तिने ते भरलं.

यादी लागली त्या दिवशी सुरेखा पेढे घेऊनच माझ्या दारात आली. “वहिनी, लागलं! पहिलं टाकलेलंच लागलं!”

मी विचारलं, “पहिलं कुठलं होतं?”

तिने सांगितलं. पेढा माझ्या हातात तसाच राहिला. पहिल्या पसंतीचं मिळालं की ती जागा आपोआप पक्की होते आणि पुढच्या फेऱ्यांतून नाव जातं, हे मला ऑफिसातल्या एकीच्या मुलामुळे माहीत होतं. मी समोर गेले. भाऊ पहिल्या पाळीहून नुकतेच आलेले, पाय धुऊन बसलेले, खूश. मी फोनवर नियम काढला आणि वाचून दाखवला. असल्या गोष्टी गोड करून सांगता येत नाहीत.

“म्हंजी दुसरी फेरी?”

“नाही.”

“हे नगं म्हनून सांगितलं तर?”

“तर सगळंच गेलं. मग वर्ष वाया, किंवा पैसे भरून कुठेतरी.”

“पर ते तर नुसतं बघायला टाकलेलं, ताई.”

सुरेखाने पेढ्यांचा बॉक्स फ्रिजवर ठेवला. अश्विनी भिंतीला टेकून उभी होती. ती रडली नाही, बापाकडे बघत राहिली. त्यांचा हात खिशाकडे गेला आणि तिथेच थांबला.

दुसऱ्या दिवशी ते कंपनीचा युनिफॉर्म घालून, गळ्यात ओळखपत्र अडकवून मदत केंद्रावर गेले. तिथल्या मॅडम नीट बोलल्या, पाणी दिलं, आणि काही होऊ शकत नाही म्हणाल्या. संध्याकाळी मी कामावरून आले तेव्हा भाऊ बोर्डासमोर उभे होते. चौथ्या रकान्यात लिहीत होते. तिथे दोरीला लिहायचा साधा मार्कर बांधलेला होता, पण त्यांच्या हातात आला खिशातला. ‘बाप’ लिहून झाल्यावर चूक कळली. अंगठ्याने पुसायला गेले तर अंगठा पिवळा झाला, अक्षर तसंच.

“राहू द्या, भाऊ,” मी म्हटलं.

“राहनारच की ताई, ते आता कुठं जातंय?” म्हणाले, आणि गच्चीकडच्या पायऱ्यांवर जाऊन बसले. आता घरात अभ्यास करणारं कुणी नव्हतं, तरी तिथेच.

सकाळी मी दार उघडलं तेव्हा अश्विनी बोर्डापाशी होती. बापाच्या शब्दाखाली तिने साध्या मार्करने लिहिलं होतं, ‘पद्धत’. मला बघून म्हणाली, “माणसाचं नाव लिहायचं नसतं ना, काकू.”

भाऊ पाळीला निघाले होते. चप्पल घालताना त्यांनी वाचलं. एका पायात चप्पल घालून पुन्हा एकदा वाचलं. मग मला म्हणाले, “पोरगी नेमाला पक्की हाय,” आणि भराभरा खाली उतरले.

ती गेली. दिवाळीच्या आसपास, लोखंडी ट्रंक घेऊन. ट्रॅव्हल्सची बस मोशीच्या चौकातून होती. आम्ही खालपर्यंत सोडायला गेलो. सुरेखा म्हणाली, “ट्रंकेवर ठिपका द्या की.”

“पास करनारा मी कोन?” म्हणाले. दिला नाही.

अश्विनी बसमध्ये चढता चढता वळली आणि हसून म्हणाली, “पहिलाच पीस पाठवावा लागतोय, पप्पा.” भाऊंनी हात वर केला आणि तो आपल्याच डोक्यावर ठेवला.

त्यानंतर वर्षभरात ते चाकणला कंपनीजवळ राहायला गेले. भाडं कमी आणि पोरगी नाही तर मोशीत राहायचं कशाला, असा हिशेब. जाताना बोर्ड माझ्या दारात ठेवला, पुसता येण्यासारखं सगळं पुसून. “गार्गीच्या बारावीला.”

“ती अजून लहान आहे, भाऊ.”

“येतंय की ते. न सांगता येतंय.”

मी बोर्ड मशीनच्या मागे सरकवला आणि विसरले.

भाऊंना शेवटचं बघितलं ते चाकणच्या चौकात. मी एका कस्टमरकडून परत येत होते, आमची गाडी ट्रॅफिकमध्ये अडकलेली. रस्त्याच्या कडेला विदर्भात जाणारी ट्रॅव्हल्स उभी होती आणि भाऊ तिच्या ड्रायव्हरशी बोलत होते. हातात दोन स्टीलचे डबे. केस बरेच पांढरे झालेले, डावीकडे कलणं वाढलेलं. मी काच खाली केली, हाक मारणार होते.

“हा पहिला डबा तुमचा, भावा,” ते ड्रायव्हरला सांगत होते. “खाऊन बगा, मीठ-तिखट बराबर हाय का.”

ड्रायव्हरने वैतागून डबा उघडला, धपाट्याचा तुकडा तोडला, तोंडात टाकला आणि चावता चावता मान हलवली. “मस्त हाय, काका. द्या लवकर.”

भाऊंनी खिशातून मार्कर काढला, दुसऱ्या डब्याच्या झाकणावर पिवळा ठिपका दिला, फुंकर मारून वाळवला आणि मगच डबा वर दिला. आमची गाडी सुटली. हाक मारायची राहून गेली. पुढे कंपनीतली त्यांची मशीनची लाइन बंद झाली आणि ते गावाकडे गेले, असं सुरेखाने फोनवर सांगितलं. अश्विनीचं शेवटचं वर्ष यंदा संपलं. दक्षिणेत कुठल्याशा सूतगिरणीत नोकरी लागतेय म्हणे. झालं ते बरं झालं की वाईट, हे मला ठरवता आलेलं नाही.

१५ जून, सोमवार. सकाळी लवकर उठून दोन दारांमधली ती भोकं शोधली. समोरच्या नवीन भाडेकरूंनी त्यांत टूथपेस्ट भरली होती, ती खिळ्याने कोरून काढली. बोर्ड लावला. भाजी डब्यात भरण्याआधी चाखून बघितली, एरवी मी बघत नाही. मग चौथ्या रकान्यात, अश्विनीने लिहिलं होतं तिथेच, साध्या मार्करने ‘पद्धत’ लिहिलं आणि गार्गीला उठवायला आत गेले.